मानस

सुनावणी साडेदहाला होती.
पणजीहून गाडी आली सव्वाबाराला.
तोवर पुरती सुकती लागली होती
आणि अर्धी माणसं तिसऱ्या काढायला चिखलात उतरली होती.
उरलेल्यांची नावं मी नोंदवहीत घेतली.
माणसं कोकणीत, इतिवृत्त मराठीत,
नकाशा इंग्रजीत.

नकाशातली शापोरा निळी होती.
एवढी निळी ती आमच्या चोपड्यात कधीच नसते.
भरतीची रेषा लाल,
ती थेट इनासिनाच्या चुलीतून गेलेली.
इनासिना म्हणाली, पाणी चुलीपर्यंत येत नाही,
न्हाणीपर्यंत येतं. माझी न्हाणी तुम्ही कुठं ठेवलीत?
मी लिहिलं : हरकत क्रमांक चार.

मग फटू हरमलकर उठला, चष्मा नसताना
नकाशाला नाक लावून बराच वेळ शोधत राहिला.
"मानस खंय?"

साहेबांनी फायलीतून माझाच गेल्या वर्षीचा अर्ज काढला.
'गावाचे मानस खचले असून तातडीने दुरुस्त करावे.'
समासात कुणीतरी पेन्सिलीने लिहिलं होतं :
आरोग्य खात्याकडे वर्ग करावे.

चूक माझी. त्यांच्या तोंडी ती मानस,
माझ्या कागदावर ते मानस झालं.

मानस म्हणजे दार, साहेब.
बांधाच्या पोटातलं, लाकडाचं.
भरतीचं पाणी ते लोटून स्वतःच बंद करतं,
सुकतीला आतलं पाणी बाहेर जाताना उघडतं.
राखणदार नाही, किल्ली नाही.
आत कोरगुटाचं भात, बाहेर खारं,
मध्ये चार फळ्या.

हेही लिहून घ्या, फटू म्हणाला,
की त्या फळ्यांत दांडा घालून
ती रात्रभर उघडी ठेवणारा हा इथंच बसलाय.
बोस्त्यांवने मान खाली घातली नाही.
मासळीचा लिलाव त्याने घेतला होता, पैसे भरून.
सुंगटं उघड्या दारातूनच येतात,
आणि खारं पाणीही.
चार वर्षं चोपडे आणि शिवोली
एकमेकांच्या फेस्ताला, जत्रेला गेले नव्हते.

त्यानंतरची श्रावणातली अवस मात्र
कुठल्याच कागदावर नाही.
मध्यरात्री बांधाला खांड पडली
आणि पलीकडून पहिली होडी आली ती बोस्त्यांवची,
काठोकाठ चिखलाने भरलेली.
तो कुणाशी काही बोलला नाही.
फटूने हात पुढे केले, त्याने गोळा दिला,
फटूने पुढच्याला दिला.
मी मोबाइलचा उजेड धरून उभी होते,
बॅटरी संपेपर्यंत. नंतर उजेडाशिवाय.
पहाटे पाणी उतरलं तेव्हा
कोण कुठल्या पंचायतीचं हे
अंगावरच्या चिखलावरून सांगता येत नव्हतं.

आता ठराव असा :
उधाणाच्या दिवसांत दांडा घालायचा नाही.
भांगेच्या दिवसांत सुंगटं बोस्त्यांवची.
फळ्यांचा खर्च दोन्ही तीरांनी निम्मा-निम्मा.
ट्रॉलरवाल्यांनी वाऱ्याचा अंदाज आधी कळवायचा,
होडीवाल्यांनाही.
शेवटच्या ओळीवर तासभर भांडण झालं, अजून मिटलेलं नाही.

साहेबांनी विचारलं, हे कुठल्या कायद्याखाली?
"उधाणाखाली," फटू म्हणाला.
मी लिहिलं. सचिवांनी खोडलं.
मी पुन्हा लिहिलं, बारीक अक्षरात.

तीन वाजता साहेब बूट हातात घेऊन बांधावर आले.
अष्टमीची भरती, तिला जोर नव्हता.
पाणी आलं, फळ्यांना टेकलं, थांबलं,
आणि कुणी हात न लावता दार लागलं,
निजलेलं पोर जागं होऊ नये
इतक्या बेताने.

त्यांनी खिशातून पेन्सिल काढली,
नकाशा फटूच्या पाठीवर पसरला
आणि एक ठिपका दिला.

ठिपका जरासा चुकला. नदीत पडला.
बोस्त्यांव म्हणाला, असू दे,
पुढच्या खेपेला सगळे मिळून ओढून काठावर आणू.