एका वेळी एकच पट्टी

पहिल्यांदा झालं तेव्हा मी
तीनशे अकरावी विहीर लिहीत होतो.
'वाऱ्याने पा' एवढं उमटलं
आणि पडदा निळा.
वर आडवं पडलेलं एक दुःखी तोंड,
खाली सावकाश वाढणारे टक्के,
जणू बिघडलोय मीच
आणि तो माझ्या उशाशी बसलाय.

आमच्या उलानबातरमध्ये निळा रंग शुभ.
पाहुण्याला आम्ही दोन्ही हातांवर निळं रेशीम देतो,
सकाळचा पहिला चहा आभाळाला.
दुलमा दारातूनच म्हणाली,
"आभाळ घरी आलंय तुझ्याकडे,
चहा विचार त्याला."

मी चाळीस वर्षं भूगोल शिकवला.
निवृत्त झाल्यावर एकच काम काढलं:
गोबीतल्या विहिरींची नावं,
नकाशावर नसलेली,
उंटवाल्यांच्या आणि जीपवाल्यांच्या तोंडून ऐकलेली.
रुसलेली उंटीण. दोघी बहिणी. नुसतीच 'कडू'.
पहिल्या महिन्यात कॉम्प्युटरने
त्यातल्या सतरा पिऊन टाकल्या.

एर्देनेटहून मुलीचा फोन:
"बाबा, सेव्ह करत जा.
आणि एक वही घाला.
वेळ लिहा, काय करत होतात ते लिहा,
खाली येतो तो कोडही."

सोमवार, सात वीस. टाइप करत होतो.
मंगळवार. काही नाही.
बुधवार, पहाटे तीन. आम्ही झोपलेलो. तो एकटाच होता.
शुक्रवार. दुलमाने हीटर लावला, लगेच.
शुक्रवार, पुन्हा. हीटर बंद होता.

कोड दर वेळी निराळा.
साक्षीदार एकच,
आणि रोज नवी जबानी.

मुलगी म्हणाली, ड्रायव्हर जुने झालेत, बदला.
मी म्हटलं, जुन्या ड्रायव्हरांनीच तर
मला विहिरी दाखवल्या.
ती हसली नाही. बदलले.
मग हीटरवर आळ घेतला,
मग खालच्या मजल्यावरच्या वेल्डिंगवाल्यावर,
मग विजेवर, मग व्हायरसवर.
साप साप म्हणत सगळं घर धोपटून झालं.

शेवटी डबा उघडला.
आत आमचा सगळा हिवाळा बसलेला,
कोळशाची काळी मऊ पूड,
पंख्याच्या पात्यांवर, तारांवर,
मेमरीच्या दोन पट्ट्यांच्या फटीत.
रात्रभर तपासणी चालू ठेवली.
सकाळी पडद्यावर लाल ओळी,
मुलांच्या उत्तरपत्रिकांवर मी मारायचो तशा.

"आता एका वेळी एकच पट्टी," फोनवरून हुकूम.
पहिली एकटी: निर्दोष.
दुसरी एकटी: निर्दोष.
दोघी शेजारी बसल्या की पुन्हा लाल.
असं वर्गात पाहिलंय मी,
पण तिथे बाक बदलला की भागायचं.
इथे बाकही बदलून पाहिला.

मग मुलीने सांगितलेला शेवटचा उपाय.
टेबलाच्या खणात जुना खोडरबर होता,
भलत्या समुद्राला मिळालेल्या नद्या
ज्याने खोडल्या, तोच.
पट्टीच्या कडेचे सोनेरी दात
त्याने हळूहळू घासले.
काळं निघालं. फुंकर नाही मारली,
तोंडाची वाफ लागते म्हणाली.
कपड्याने पुसलं, खटकन बसवलं.

वीस दिवस झाले.
वहीत रोज लिहितो: काही नाही.
खोडरबराने झालं, की धूळ काढल्याने,
की त्या नव्या ड्रायव्हरांनी,
कोण जाणे. मुलगी म्हणते, आता हात लावू नका.
प्रत्येक नावामागे माझी दोन बोटं
आपोआप सेव्हकडे जातात,
ओठ न हलवता कुणी जप करावा तशी.

सतरातल्या सोळा परत आल्या.
काही आठवल्या, काही न्यामबूला फोन करून.
तो आता गाडी चालवत नाही, पण रस्ते बोलतो.
तीनशे अकरावीचं मात्र त्यालाही सुचेना.
वाऱ्याने पाडलेली? पाठवलेली? पाजलेली?
"विहीर होती," तो म्हणाला, "पाणी गोड होतं."
मी तेवढंच टाइप केलं
आणि सेव्ह केलं.