तळ्यामागचं वळण

बैठक सातची. मेण लावायच्या शेडमध्ये हीटर एकच,
म्हणून मतंही अंतराप्रमाणे:
हीटरजवळची तापलेली, दारालगतची गार.
मी खजिनदार. मांडीवर वही, वहीत एक आकडा,
जो वाचण्याआधी मी तीनदा घसा खाकरला.

शर्यतीची फी पस्तीस डॉलर होती. आता साठ.

वेंडल कांगास उठला. बूट अजून ओले.
"बत्तीस किलोमीटर मी धावायचं,
फेस माझ्या तोंडाला यायचा,
आणि वर साठ मीच मोजायचे?"
हशा पिकला. त्याला बरं वाटलं, मग तो बसेचना.
"आणि मिळतं काय? तळ्यामागच्या वळणावर
रूळ असे वाकडे काढलेत, की रविवारी माझा डावा पाय
एकटाच विस्कॉन्सिनला निघाला होता!"

लॉर्नाची मुलं तीन. तिने बोटांवर गुणाकार केला
आणि बोटं मिटून घेतली.

शहरातून येणारे डॉक्टर, ज्यांच्या स्कीची जोडी
माझ्या गाडीपेक्षा महाग, म्हणाले,
"साठ म्हणजे काहीच नाही हो."
ते 'काहीच नाही'
बुटांतून वितळलेल्या पाण्यात बराच वेळ पडून राहिलं.
कुणी उचललं नाही.

मग इम्पी सालो. वय एक्याऐंशी.
उभी राहिली नाही, फक्त टोपी काढली.
"पहिल्या वर्षी फी दोन डॉलर आणि एक पातेलं बीन्स.
बीन्स विसरला, तो सगळ्यात मागे उभा.
रस्ता कोण आखणार? पुढचा पडला
की मागच्याला कळायचं, इथे वळण आहे."

मी वाचत गेलो. डिझेल. विमा.
यंत्राचा हायड्रॉलिक पंप, आठ हजार चारशे,
(इथे कुणीतरी शीळ घातली)
शेंदरी झेंड्या, दोन फावडी.
चालकाचा पगार. त्या रकान्यात रेघ.
"रेघ म्हणजे?"
"रेघ म्हणजे ड्यूई," मी म्हणालो.

तेव्हा सगळ्यांनी मान वळवून ड्यूईला शोधलं.
दोन तास त्याच्या कामाची चिरफाड चालली होती
आणि तो आलाच नव्हता,
हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.
खिडकीची वाफ लॉर्नाने बाहीने पुसली.
बर्फ पडायला लागला होता. वर, देवदारांच्या रांगेत
एक पिवळा दिवा सावकाश चढत होता,
थांबत होता, मागे येत होता, पुन्हा चढत होता.

मतदान झालं. बावन्न डॉलर. मुलांना दहा.
कुणीच खूश नाही, म्हणजे हिशेब बरोबर असावा.
बीन्सची सूचना इम्पीने मागे घेतली नाही,
ती इतिवृत्तात आहे.

सकाळी मी उजाडायच्या आत निघालो.
सगळी टेकडी ओल्या केसांसारखी विंचरलेली,
फणीचे दात एकूण एक मोजता येतील अशी.
तिच्यावर पहिलं पाऊल टाकताना
मला नेहमी जरा चोरट्यासारखं वाटतं.

तळ्यामागे रूळ वाकडेच होते.
काल रात्री नव्याने, पुन्हा वाकडे.
मी थांबलो. काठी टेकून वाकलो.
दोन हातांवर बर्फाखाली
झऱ्याचं पाणी काळं, जागं, हलकी वाफ सोडत.
रूळ त्याला वळसा घालून गेले होते,
झोपलेल्या माणसाच्या उशाजवळून जावं तसे.

मागून धापा ऐकू आल्या. वेंडल.
त्याने रूळ पाहिले. पाणी पाहिलं.
मिशीवरचा बर्फ पुसला.
"तरीही," तो म्हणाला, "साठ जास्तच होते."

आणि पुढे गेला,
डावा पाय रुळात नीट धरून.