एका हाकेला ओ

चोडणच्या बांधावर, रात्रीच्या ओहोटीला
मानशीची फळी उचलायला जाताना
बाबांनी एकच नियम शिकवला होता:
काळोखात कुणी नावाने हाक मारली
तर लगेच ओ देऊ नको.
माणूस असेल तर पुन्हा मारेल.
दुसऱ्यांदा हाक मारण्याइतका दम
त्या दुसऱ्यांच्यात नसतो.

वीस वर्षांनी, बांबोळीला,
प्रयोगशाळेच्या थंडगार खोलीत स्वेटर घालून
मी टी-पेशीची वागणूक वाचत होते
आणि हसू आलं.
तीही तेच करते.
कुणी परक्याचा तुकडा समोर धरला
तर तेवढ्याने उठत नाही.
धरणाऱ्यानेच आणखी एक खूण पटवावी लागते.
नाही पटली तर गप्प होते,
आणि मग खऱ्या हाकेलाही गप्पच.
तिला कुणी शिकवलं असेल,
तिला ना बांध, ना काळोख, ना बाप.

आणि निरोप्या कधी आत येत नाही.
इनास पोदेर सायकलवरून उतरत नाही,
दारात नुसता भोंगा वाजवतो;
आत कुणी आधण उतरवतं,
कुणी पिशवी शोधतं, कुणी सुट्टे,
सोप्यातून खोलीत, खोलीतून चुलीपाशी
एकाचा धक्का दुसऱ्याला.
तसंच पेशीच्या कातडीवर बाहेरून कुणी टेकतं
आणि आत फॉस्फेटचा इवलासा कण
या हातावरून त्या हातावर,
शेवटचा हात गाभ्यात शिरतो
आणि मिटलेली वही नेमक्या पानावर उघडतो.
लढायचं, वाढायचं की मरायचं
ते त्या पानावर.

मग बाबांची बोटं सुजली.
सकाळी दोन-दोन तास मूठ वळेना,
फळीच्या दोरीची गाठ सुटेना.
डॉक्टर केंकरे म्हणाल्या, शत्रू कुणीच नाही.
तुमच्याच पेशी, कुणी न मारलेल्या हाकेला
ओ देत सुटल्यात सांध्यासांध्यात.
बाबा मान खाली घालून ऐकत राहिले,
जणू घरातल्याच कुणी घरचा नियम मोडला
आणि ते चारचौघांत उघड झालं.

गोळी लहान, गुलाबी.
मी औषधाच्या पाकिटावर चित्र काढून दाखवलं:
पहिल्याच हाताच्या मुठीत,
जिथे तो कण धरायचा, तिथे ही जाऊन बसते.
म्हणजे मानशीत अडकलेला ओंडका, बाबा म्हणाले.
तसंच.
आणि खरी भरती आली तर?
माझ्याकडे उत्तर होतं,
पण ते टक्केवारीत होतं.

तेव्हापासून संध्याकाळी
मी त्यांच्या कपाळाला हात लावते.
खोकला मोजते. पायाला जखम शोधते,
चिखलात उतरणाऱ्याच्या पायाला ती असतेच.
त्यांना हे आवडत नाही.
पण आतलं कुणी ओरडणार नसेल
तर बाहेरच्याने कान द्यायला हवा.

मार्चमध्ये मूठ वळली. पुरती नाही,
करंगळी अजून वेगळी चूल मांडून आहे.
काल बांधावरून त्यांनी हाक मारली, एकदाच,
आणि मी ओ दिली.
हसले. एकाच हाकेला गो?
मी म्हटलं,
उजेड आहे अजून.