चुन्याखाली

एकतीस वर्षं सगुणने
(आता नाव घ्यायला हरकत नाही)
इगर्जेला चुना लावला.
पावसाळा सरला की भिंतींवर काळं शेवाळ,
आणि खनिजाचे ट्रक चालू होते तेव्हा
तांबडी धूळ, क्रुसाच्या कपाळापर्यंत.
कुडचड्यात तेव्हा दुधालाही तांबडी साय यायची.

फेस्ताआधी पंधरा दिवस
पिंपात कळीचा चुना विरवायचा,
चिमूटभर नीळ, मूठभर मीठ.
नवी होते तेव्हा विचारलं, आमटी करता की काय?
हसला नाही. सुंभ कमरेला बांधून वर गेला.
भूक लागली की घंटेपासून पंचा हलवायचा;
रस्त्यापलीकडे मी पेज वेळायला घ्यायची.

देवळात पाया पडायचा, इगर्जेवर चढायचा.
कुणी खोदून विचारलं तर म्हणे,
वरून दोन्हीकडची कौलं दिसतात, फुटकी कुठली तेही.

गेल्या आषाढात गेला.
पाद्री एवारिस्तने घंटा वाजवायला लावली.
कुणी कुजबुजलं, तो आपल्यातला नव्हे.
एस्पेरांस म्हणाली, मग नोव्हेंबरात तूच चढ वर.

यंदा कंत्राटदार आला, चकचकीत रंगाचे नमुने घेऊन.
पाद्रीने त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं.
मग गॅरेजवाला बेंतो चढला,
मासळीवाल्या रुझारची दोन मुलं,
भटजींचा धाकटा, आईला न सांगता.
बँकेतला सांतान उंचीला भितो,
तो खाली दोर धरून, डोळे मिटून.
चुना इतका सांडला
की दारातली कुत्री पांढरी झाली.

तिसऱ्या दिवशी क्रुसामागून बेंतो ओरडला,
"शेवंतीमावशे, तुझं नाव आहे इथं!"
खरवडताना पापुद्रा निघाला,
त्याखाली खिळ्याने ओढलेलं, शेवंती.
त्याखालच्या थरावर पुन्हा शेवंती.
अगदी तळाशी, दगडाला चिकटून,
शेवती.
तिसरीपर्यंत शिकलेला. अनुस्वार मागाहून आला असणार.

जन्मभर मला त्याने 'अगो' म्हटलं.
मिठावरून भांडला, पावसावरून भांडला,
माझं नाव त्याच्या तोंडून
मी एकदाही ऐकलेलं नाही.

सगळे गप्प. फक्त सांतान, डोळे मिटूनच,
"काय आहे? काय आहे?"

बेंतोने वरून विचारलं,
"एवढी जागा तशीच ठेवू?"

नको, म्हटलं. मार चुना.
तोही दर वर्षी मारायचा.

घरात आले. पंचा सापडेना.
हातातलं भांडी पुसायचं फडकं घेऊन
दारात उभी राहिले, हलवलं,
भात झाला म्हणून.