तेरा आकडी नंबर

आपण दहा आकड्यांचे.
दहात हाक मारता येते, चिडता येतं,
मिस्ड कॉल देऊन गप्प बसता येतं.
त्याच्या नंबराला तेरा आकडे.
लावून बघितला एकदा, तर बाई म्हणाली,
हा क्रमांक अस्तित्वात नाही.

आणि तो तर भोसे गावच्या शिवारात
दंडोबाच्या डोंगराकडं तोंड करून
दर पंधरा मिनिटांनी बोलत होता.
कुणाशी? दुसऱ्या एका यंत्राशी.
तापमान अठरा. दमटपणा एक्याण्णव. पान ओलं.
एवढंच.
जेवलास का नाही, बरा आहेस का नाही.

विश्रामबागच्या ऑफिसात महिन्याला यादी येते.
दोनशे सहा सिमं.
कुठलं शिराळ्याला दुधाच्या टाकीवर,
कुठलं पलूसच्या मोटारीच्या स्टार्टरमध्ये रात्रपाळीला,
एक तासगावात, बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजच्या दारामागं
चार अंशांत कुडकुडत.
ज्याचं भाडं थकलं त्याच्यापुढं लाल टिंब.
टिंब तरी पुसायचं, नाहीतर सिम काढून आणायचं.
माझा पगार याचा.

भोश्याचं टिंब तीन महिन्यांचं.
मिरजेच्या पुढं स्कूटीला वारा लागत नाही, धूळ लागते.
खांब जागेवर होता. वर सौर पाटी, तिच्यावर साळुंक्यांची शिट,
पाऊस मोजायच्या नरसाळ्यात गांधीलमाशांचं घर.
पेटी उघडली. हिरवा दिवा लुकलुकत होता,
आज्ञाधारक.

बाग मात्र नव्हती.

सुकुमार मगदूम बांधावरनं आले, हातात तारेचं भेंडोळं.
"अठरा वर्सांची झालती. खोडं दमली.
दिवाळी झाल्यावर काढून टाकली.
आता रान तापू दे, मग हळद."
मी विचारलं, मग मेसेज?
"येतोय की. पहाटं चारला.
पान ओलं हाय, डाऊनीचा धोका, औषध मारा.
पूर्वी आला की मी आणि हिची आई
अंधारातच ब्लोअर जोडायचो.
आता येतो, मी उठतो,
चूळ भरतो,
परत पडतो."

मी ते पान बघितलं.
बोटाएवढी पिवळी पट्टी, तिच्यावर सोनेरी रेघा.
दव पडलं की एका रेघेतली वीज दुसरीत सांडते
आणि ते कळवतं, ओलं.
त्या साडेतीन एकरांत आता तेवढं एकच पान.
खोटं बोलत नव्हतं ते.
ओलं होत होतं खरंच, रोज, एकटंच,
आणि आठवणीनं सांगत होतं.

नखानं सिम दाबलं. टक् करून बाहेर आलं.
केवढंसं.
चष्म्याच्या घरात ठेवलं, दुसरं काही नव्हतं जवळ.
मगदूमांनी कागदावर सही केली,
चहा घ्या म्हणाले, घेतला.
दिव्याकडं त्यांनी पाहिलं नाही, मीही.

ऑफिसात पडद्यावर शेवटची ओळ होती,
दुपारचे पावणेपाच, पान कोरडं.
पुढच्या पंधरा मिनिटांची जागा रिकामी,
त्याच्या पुढचीही.
आठवड्याने ते सिम सावळजला एका पाण्याच्या टाकीवर लागेल.
आकडे तेच तेरा.
पानाचं काही त्याला आठवायचं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे चार वाजून सतरा मिनिटांनी
माझा फोन वाजला. दहा आकडी.
"ताई, आज काय आलं न्हाई."

काय सांगणार.
उठले, खिडकी उघडली,
गजावरून हात फिरवला.
"ओलं आहे," म्हटलं.

"बरं," म्हणाले,
आणि लांब कुठंतरी चूळ भरल्याचा आवाज आला.