पाव फेरा मागे

जिन्याखाली, कूलरच्या स्टँडमागे
एक पितळी कॉक आहे आमच्या घरात.
अकरा वर्षं कोणी हात लावला नव्हता.
भिंतीला तीनदा रंग दिला:
पिस्ता, मग मोतिया, मग तो पीच म्हणतात तसला,
आणि रंगाऱ्याने तिन्ही वेळा
त्यालाही भिंतच समजून ब्रश फिरवला.

तो मीच बंद केला होता.
पाणीपट्टीवरून.
बाराशे चाळीस रुपये.
वर राहते माझी जाऊ, वैजयंता.
तिने दुसऱ्याच आठवड्यात बोअर मारली.
मशीन रात्रभर घरघरत होतं
आणि मी कूस बदलत मोजत होते,
किती फूट झाले असतील.

यंदा नवतपाच्या तिसऱ्या दिवशी
मानेवाड्यात सेहेचाळीस.
तिची मोटार जळली.
मला कोणी सांगितलं नाही.
बादलीच्या कडीचा आवाज जिना उतरला,
माझ्या दारापुढून न थांबता गेला
आणि उमाठेंच्या नळाशी थांबला.
तीन खेपा.
तिचा उजवा गुडघा मला भिंतीतून ऐकू येतो.

चौथीच्या आधी मी जिन्याखाली वाकले.
चाक धरलं. जाम.
गाऊनचा कोपरा गुंडाळून धरलं. जाम.
मोठा पाना लावून लटकणारच होते,
तेवढ्यात लोकेश हेडाऊ आला,
डोक्याला ओला दुपट्टा, खांद्याला पिशवी.
‘काकू, जोर नका लावू.
जोर लावला का दांडा तुटते,
मंग भिंत फोडा लागते.’

त्याने आधी रंग खरवडला.
पापुद्रे पडले, पीच, मोतिया, पिस्ता,
उलटी गळत गेलेली वर्षं.
खाली क्षार, पांढरा,
दाढेवरच्या किटणासारखा.
मग शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब.
मग काहीच नाही.
‘बसू द्या तेलाले.’
मी पन्हं दिलं. तो दोन ग्लास प्यायला.
कूलरची गवताची जाळी ठिबकत राहिली.

पंधरा मिनिटांनी मानेजवळचा नट
अर्धा आटा ढिला केला.
एका पान्याने कॉकचं अंग धरलं, नाहीतर पाइपच पिरगळतो,
दुसरा चाकाला.
आणि फिरवलं ते बंदच्या बाजूला.
मी म्हटलं, अरे, बंदच आहे तो.
‘थे माहीत आहे. पन अडकलेल्याले आधी
त्याच्याच बाजूनं थोडं जाऊ द्या लागते.’

केसभर तिकडे.
केसभर इकडे.
पुन्हा तिकडे.
आतून सुपारी फुटल्यासारखा एक आवाज,
आणि तो म्हणाला, आता तुम्ही धरा.

मी धरलं.
चाकात एक बारीक थरथर होती.
दुसरा तळवा मी उभ्या पाइपावर ठेवला,
उन्हाने भाजलेला पाइप
घोट्याजवळ गार झाला, मग कमरेजवळ,
मग हात पुरेना तिथे.
वर कुठला तरी नळ उघडाच राहिला असणार.
तो शिंकला, खोकला,
आणि मोरीत काहीतरी धबधब पडलं.

जिन्यावरची बादली अर्ध्यात थांबली.
बराच वेळ थांबली.
पावलं उलटी वर गेली.
मग वरून, कठड्यावरून, कोणाचंही नाव न घेता:
‘लाल येऊन राह्यलं!’
‘येऊ दे जरा वेळ,’ मी म्हटलं,
तेही जिन्यालाच.

लोकेशने अडीचशे घेतले.
जाताना सांगून गेला,
पूर्ण उघडला का पाव फेरा मांगं घ्यायचा,
गच्च ठेवला का पुन्हा बसते.
अन् महिन्यातून एकदा फिरवायचा,
काम नसलं तरी.

एक तारखेला मी जिन्याखाली वाकते.
बाराशे चाळीस अजून पाठ आहेत.
चाक शेवटपर्यंत नेते,
मग पाव फेरा मागे.