रेड ऑक्साइड

ट्रॉलर वर ओढला की मी आधी विंचपाशी बसतो.
नांगर, साखळी, कठड्याचे पाइप,
मिरकरवाड्याचा खारा वारा कुणालाच सोडत नाही.
बोटानं चोळलं की तांबडी भुकटी निघते
आणि हल्ली ती मला
बघवत नाही.

तहूराच्या यकृतात लोखंड साठतंय,
असं सिव्हिलच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या तेव्हा
मी हसलो होतो.
पोर चौदा वर्षांची, वजन एकतीस किलो,
तिच्यात लोखंड मावणार कुठं?
दर एकवीस दिवसांनी दुसऱ्या कुणाचं रक्त,
पिशवीमागे पिशवी,
आणि प्रत्येक पिशवीतून थोडं थोडं आत.
बाहेर जायची वाट शरीराला ठाऊक नाही.

आमच्या दोघांत निम्मं निम्मं होतं ते,
शमीमच्यात आणि माझ्यात.
ना ताप, ना थकवा.
तिच्या वाट्याला पुरं आलं.
यावर आम्ही घरात बोलत नाही.
शमीमनं फक्त बिडाचा तवा शेजारी देऊन टाकला,
घावन आता नॉनस्टिकवर होतात.
जाळी पडत नाही त्यांना.

लाल ते रक्ताला चांगलं, सगळेच सांगतात.
बीट आणलं. डाळिंबं आणली.
नाट्याच्या मावशीनं आगळाच्या दोन बाटल्या पाठवल्या.
तहूरा म्हणाली, अब्बा,
माझ्यात लाल कमी येत नाही,
लाल टिकत नाही.

मग साळवी स्टॉपच्या दुकानात तो डबा:
आमसुलाची साल, हळद, आवळा,
साठ कॅप्सूल, साडेआठशे रुपये.
पेशींना गंज चढतो, हे गंज रोखतं,
असं दुकानदार म्हणाला.
गंज म्हटल्यावर मला पुढं काही विचारावंसं वाटलं नाही.
माझ्या धंद्यातला शब्द होता तो.

सकाळच्या गोळीनं तिला मळमळायचं,
वर्गात उलटी व्हायची, मुली लांब बसायच्या.
मी म्हटलं, राहू दे ती थोडे दिवस.
थोडे दिवस म्हणजे
सुरमई लागली, संपली,
चार महिने.

फेरिटिन एकोणीसशेवरून एक्केचाळीसशे.
डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत.
ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.
डब्यामागची बारीक अक्षरं चष्मा वर करून वाचली त्यांनी.
"हळदीला, आमसुलाला मी वाईट म्हणत नाही, होडेकर.
थोडी मदत होतही असेल, अजून तपासतायत लोक.
आवळा मात्र नको, त्यानं जेवणातलं लोखंड जास्त मुरतं.
आणि साचलेलं यातलं काहीच बाहेर काढत नाही.
ते ती गोळी काढत होती."

रिक्षात तहूरा माझ्या खांद्यावर झोपली.
मी माझी नखं बघत बसलो,
त्यातलं रेड ऑक्साइड रॉकेलनंही जात नाही.
तीस वर्षं पोरांना हेच शिकवत आलो,
गंजावर रंग मारू नका रे.
आधी खरवडा. पत्रा चकाके तोवर खरवडा,
हाताची सालं निघाली तरी.
वरून मारलेला रंग महिनाभर झकास दिसतो,
आत पत्रा खाल्ला जातो.

आणि हेच मला
दुसऱ्या कुणी सांगावं लागलं.

आता रात्री तिच्या पोटाला बारीक सुई,
उशाशी मुठीएवढा पंप,
दहा तास, आठवड्यातून पाच रात्री.
डबा अजून फळीवर आहे, अर्धा.
शुक्रवारी शमीम आगळाची सोलकढी करते,
तहूराला आवडते म्हणून,
दुसऱ्या कशासाठी नाही.

पहाटे मोरीतून ती आईला ओरडून सांगते,
"अम्मी, आज तांबडी झाली!"
लोखंड निघालं की लघवी तशी होते.
मी ओट्यावर ब्रश धूत असतो.
हात थांबतो.
आतल्या दोघींना लाज वाटेल हे कळूनही
मी बाहेरूनच विचारतो,
किती तांबडी?